'स्टर' म्हणजे कामकरी बाई

सकाळची वेळ आहे. एक खादाड गृहस्थ पापांची कबुली द्यायला चर्चकडे निघाला आहे. वाटेत बेटन त्याला हाक मारते, कुठे चाललात म्हणून विचारते. चर्चला, तो सांगतो. आज सगळं कबूल करायचं आणि पुन्हा पापाच्या वाटेला जायचं नाही. माझ्याकडे चांगली एल आहे, बेटन म्हणते, चाखून तर बघा. एल म्हणजे सातूची घरगुती बिअर. गृहस्थाचा पाय तिथेच अडखळतो. सोबत काही मसालेदार मिळेल का, तो विचारतो. मिरी आहे, रतलभर लसूण आहे, उपासाच्या दिवसांसाठी दिडकीची बडीशेपही आहे. झालं, तो आत शिरतो आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ होईपर्यंत गॅलनभर एल रिचवून तिथेच बसतो.

हा प्रसंग विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यातला. बेटन कोण, हे सांगायला कवीला एकच शब्द पुरतो: ब्रूएस्टर. 'ब्रू' म्हणजे एल किंवा बिअर तयार करणे. ब्रूएस्टर म्हणजे एल करून विकणारी. त्या काळच्या वाचकाला 'ही बाई आहे' असं वेगळं सांगावं लागत नव्हतं, कारण ते शब्दाच्या शेपटीतच होतं.

त्या शेपटीबद्दल हा लेख आहे. आज आपल्याला ती गँगस्टर, हिपस्टर, फ्रॉडस्टर अशा शब्दांत भेटते, आणि डोळ्यांपुढे येतो तो पुरुष. हजार वर्षांपूर्वी ती नेमकी उलटी होती.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, काम करणाऱ्या पुरुषाचं नाव तयार करायला 'एरे' हा प्रत्यय लागायचा आणि बाईचं करायला 'एस्त्रे'. पाव भाजणारा तो बॅकेरे, भाजणारी ती बॅकेस्त्रे. गाणारा, गाणारी, शिवणारा, शिवणारी, हार्प वाजवणारा, वाजवणारी, सगळ्या जोड्या अशाच. पुढे 'एरे' झिजून 'अर' झाला. बेकर, सिंगर, टीचर यांत तो आहे. 'एस्त्रे'चा झाला 'स्टर'. इंग्रजीची शेजारीण डच भाषा ही जोडी अजून जशीच्या तशी वापरते. डचमध्ये विक्रेता म्हणजे व्हेरकोपर आणि विक्रेती म्हणजे व्हेरकोपस्टर. तिथे या शब्दात काही जुनाट वाटत नाही, रोजच्या बोलण्यातला आहे.

मराठी माणसाला हे समजायला जड नाही, कारण आपल्याकडे 'ईण' आहे: माळीण, कोळीण, सोनारीण. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आपली पाटलीण ही पाटलाची बायको. धोबीण ही धोब्याची बायको असू शकते किंवा स्वतः कपडे धुणारी. गावात मास्तरीणबाई म्हटलं की शाळेत शिकवणाऱ्या की मास्तरांच्या घरच्या, हे संदर्भावरून कळतं. जुन्या 'एस्त्रे'त ही सरमिसळ नव्हती. ते नाव कामातून यायचं. नवरा काय करतो, नवरा आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मला या प्रत्ययाचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं. ज्या बायकांच्या हिशेबाच्या वह्या उरल्या नाहीत, त्यांच्या कामाची नोंद या दोन अक्षरांनी ठेवली.

ती नोंद किती बारीक आहे हे पाहायचं असेल तर मेंढीच्या लोकरीमागून चालत जावं. कातरलेली लोकर गुंतलेली, मळकट असते. ती लोखंडी दातांच्या फणीने विंचरून तिचे तंतू एका दिशेला आणणारी, ती केम्पस्टर. विंचरण्याचं ते जुनं क्रियापद आता इंग्रजीत 'अनकेम्प्ट' या शब्दात तेवढं उरलं आहे: अनकेम्प्ट म्हणजे अस्ताव्यस्त, केसांवरून फणी न फिरलेला. विंचरलेली लोकर कातून सूत काढणारी, ती स्पिनस्टर. सूत मागावर चढवून विणणारी, आपल्या भाषेत कोष्टीण, ती वेब्स्टर. रंग देणारी, म्हणजे रंगारीण, ती लिट्स्टर. तागाचं कापड उन्हात पसरून, पुन्हा पुन्हा ओलं करून शुभ्र करणारी, ती व्हिट्स्टर. कापड बेतून कापणारी शेप्स्टर, शिवणारी सीमस्टर. या साखळीत पुरुषांचं ठळक काम एक होतं, ते विणलेलं लोकरी कापड हौदात घालून पायांनी तुडवण्याचं. तुडवणारा तो वॉकर, आणि ते आडनाव त्यावरूनच पडलं.

रेशमातही असंच. रेशमाचे धागे पिळून मजबूत दोरा करणारी ती थ्रोस्टर. लंडनच्या रेशीमकाम करणाऱ्या बायका आणि थ्रोस्टर यांनी १४५५ मध्ये पार्लमेंटकडे अर्ज केला होता, की इटलीकडचे व्यापारी तयार रेशमी माल आणून आमचा धंदा बुडवत आहेत. त्यावर तशा मालाची आयात रोखणारा कायदा झाला. बायकांनी आपल्या धंद्याचं नाव लावून सरकारकडे दाद मागितली आणि ती मिळवली, ही त्या शतकात साधी गोष्ट नव्हती.

सूतकताईपाशी थोडं थांबायला हवं, कारण 'स्टर'च्या गोष्टीतला सगळ्यात दुखरा शब्द तिथला आहे. आपल्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळांनी प्राथमिक शाळेत टकळीवर सूत कातलं आहे. टकळीला गिरकी द्यायची, ती फिरत खाली जाते, चिमटीतून पेळू हळूहळू सोडायचा, पीळ बसत जातो. टकळी जमिनीला टेकायला आली की सूत तिच्यावर गुंडाळायचं आणि पुन्हा गिरकी. एकदा जमलं की हात आपोआप चालतात, पण सूत साठतं फार सावकाश. युरोपातली बाई हेच करायची, फक्त लोकर तिने एका लांब काठीला बांधून ती काठी काखेत धरलेली असायची. त्यामुळे चालता चालता, गुरं राखताना, चुलीवरच्या भांड्याकडे लक्ष ठेवतानाही कातता यायचं. चरखा तिकडे पोचायला तेरावं शतक उजाडलं, आणि त्यानंतरही टकळी सुटली नाही. एका मागाला दिवसभर पुरेल इतकं सूत द्यायला चार-पाच कातणाऱ्या तरी लागत. म्हणजे इंग्लंडच्या प्रत्येक विणकरामागे चार-पाच बायकांचे हात अखंड हलत होते. नाताळचे बारा दिवस संपले की ७ जानेवारीला बायका पुन्हा कातायला बसत, आणि त्या दिवसाला काखेतल्या काठीवरून 'सेंट डिस्टाफ'चा दिवस म्हणत. असा कोणी संत नव्हता. काठीचं नाव डिस्टाफ, तिलाच संतपद दिलेलं. आईकडच्या नात्यांना इंग्रजीत आजही 'डिस्टाफची बाजू' म्हणतात.

लँगलंडच्या त्याच काव्यात लोभ हा माणसाच्या रूपात येतो आणि आपल्या बायकोची कहाणी सांगतो. तिचं नाव रोझ. ती लोकरीचं कापड विणते आणि कातण्याचं काम बाहेरच्या स्पिनस्टरांना देते. सूत घेऊन त्या आल्या की रोझ ते तोलते, पण तिचं रतलाचं वजन खऱ्या रतलापेक्षा सव्वापट जड आहे. म्हणजे सव्वा रतल सूत कातावं तेव्हा एका रतलाची मजुरी हातात पडते. कवीला लोभाचं पाप दाखवायचं होतं. मला मात्र तराजूपुढे उभ्या असलेल्या त्या कातणाऱ्या दिसतात. काटा खोटा आहे हे त्यांच्या हातांना कळत असणार, कारण आपण किती कातलं हे कातणाऱ्याइतकं कोणाला माहीत असतं? पण काम रोझकडूनच येत होतं.

हीच रोझ एलही करते, किरकोळ विक्रीही करते. अशी फुटकळ विक्री करणारी ती हकस्टर. एलच्या पिंपाला तोटी लावून ग्राहकाला ओतून देणारी टॅपस्टर. त्याच शतकातल्या चॉसर या कवीच्या एका कथेत दारूच्या गुत्त्यावर नाचणाऱ्या, कोलांट्या मारणाऱ्या मुली येतात, त्या तोम्बेस्टर. फळं विकणाऱ्या पोरी येतात, त्या फ्रूटेस्टर. हे शेवटचे दोन शब्द आता कुठे भेटत नाहीत.

मग या शब्दांचं झालं काय? एलच्या धंद्यात ते सगळ्यात स्पष्ट दिसतं.

एल करायला मोठं भांडवल लागत नसे. सातू भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढून घ्यायचं आणि आंबायला ठेवायचं. तयार एल चार-सहा दिवसांत आंबट होऊन जायची. साठवता येत नाही, दूर पाठवता येत नाही, म्हणून प्रत्येक गावात कोणीतरी सारखी करत राहणं भाग होतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या बाईला सहज जमणारं होतं. घरापुरती करायची, उरलेली विकायची. दारावर काठी आणि तिच्या टोकाला झुडपाची डहाळी लावली की लोकांना कळायचं, आज इथे एल आहे. तेराव्या शतकात पाव आणि एल यांच्या दरावर आणि मापावर सरकारी नियम आले. गावोगाव एल चाखून पारखणारे अधिकारी नेमले गेले आणि नियम मोडणाऱ्यांकडून दंड घेतला जाऊ लागला. त्या दंडाच्या याद्यांमुळे आज कळतं की चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा बहुतांशी बायकांच्या हातात होता. जूडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी या नोंदींवर फार चिकाटीने काम केलं आहे.

१३४८-४९ ची प्लेगची साथ ओसरल्यावर उरलेल्या लोकांच्या हातात पैसा जास्त खेळू लागला, एलचा खप वाढला, धंदा फायद्याचा झाला. १४०० च्या आसपास समुद्रापलीकडून हॉप्स नावाच्या वेलाची फुलं घातलेली बिअर आली. हॉप्समुळे बिअर कडवट होते, पण महिनोन्महिने टिकते. टिकते म्हणजे साठवता येते, जहाजावर चढवता येते, फौजेला पुरवता येते. त्याला मोठे हंडे लागतात, कर्ज लागतं, करार लागतात, नोकर लागतात. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने करार करणं कायद्याने जवळपास अशक्य होतं आणि कर्जही तिला कोण देणार? १६०० पर्यंत धंदा पुरुषांच्या हाती गेला होता. ब्रूस्टर मागे पडली आणि ब्रुअर उरला.

इथे एक गुंता आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. धंदे पुरुषांकडे गेले म्हणून शब्द पुरुषांचा झाला, एवढं सरळ ते नाही. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडात 'स्टर' फार लवकर दोघांनाही लागू झाला होता. यॉर्कशायरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या यादीत वेब्स्टर म्हणून पुरुषही नोंदलेले आहेत. निवाडा देणाऱ्याला तिकडे डेम्पस्टर म्हणत, आणि तो पुरुषच असायचा; आयल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशांना आजही डीमस्टर म्हणतात. त्याहून जुन्या लिखाणातही पाव भाजणाऱ्या पुरुषाला बॅकेस्त्रे म्हटल्याची उदाहरणं आहेत. इंग्रजीतून व्याकरणातलं लिंगच गळून पडत होतं, तेव्हा प्रत्ययातला स्त्रीपणा पुसट होणं ओघाने आलं. दक्षिणेत तो जास्त काळ टिकला. म्हणून वेब्स्टर आडनावाच्या प्रत्येक घराण्याची मूळ व्यक्ती बाईच होती असं म्हणता येणार नाही. काहींची होती, काहींची नव्हती.

तरी ही आडनावं पाहताना मला दर वेळी थोडं थबकायला होतं. नोआ वेब्स्टरचा १८२८ चा कोश, जवळपास ७०,००० शब्दांचा, आणि तो करणाऱ्याचं आडनाव म्हणजे कोष्टीण. बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी. बारावीच्या भौतिकशास्त्रात ब्रूस्टरचा नियम येतो: काचेवर किंवा पाण्यावर प्रकाश एका ठरावीक कोनात पडला की परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो. तो कोन मांडणारे डेव्हिड ब्रूस्टर स्कॉटलंडचे, आणि नाव बेटनच्या धंद्याचं. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल वापरून शस्त्रक्रिया सुरक्षित करणारे जोसेफ लिस्टर, ज्यांच्या नावावरून १८७९ मध्ये लिस्टरिन या गुळण्या करायच्या औषधाचं नाव ठेवलं, त्यांच्या आडनावात ती रंगारीण लिट्स्टर आहे. आंघोळघरातल्या त्या बाटलीवर मध्ययुगातल्या एका रंग-मजुरीचं नाव छापलेलं असतं.

लोक विसरले किती, याचा पुरावा 'सीमस्ट्रेस' या शब्दात सापडतो. सीमस्टर म्हणजेच शिवणारी. पण सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत ते कोणाला जाणवेनासं झालं, तेव्हा फ्रेंचमधून आलेला 'एस' प्रत्यय जोडून तिला पुन्हा एकदा स्त्री केलं. साँगस्ट्रेस, म्हणजे गाणारी, तिचंही तेच. आपण मास्तरीण म्हणून न थांबता मास्तरीणबाई म्हणतो, तसा हा दुहेरी टाका.

मोकळा पडलेला 'स्टर' मग हलक्यासलक्या कामांकडे वळला. टॅपस्टर, हकस्टर हे शब्द पुरुषांना लागू लागले तेव्हा त्यांना प्रतिष्ठा नव्हतीच. पुढे जुगारी तो गेमस्टर, सुमार कवी तो ऱ्हाइमस्टर, कोट्या करणारा पनस्टर, ठकवणारा ट्रिकस्टर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत गँगस्टर आला, विसाव्यात जनमताचा कौल घेणारा पोलस्टर आणि हिपस्टर. प्रतिष्ठेच्या कामांना 'अर' मिळाला आणि उरलेल्यांना 'स्टर', असं मला या यादीकडे पाहून वाटतं. यंगस्टर एवढा त्यातून सुटला.

आवाज सारखा म्हणून प्रत्येक 'स्टर' या घरचा नसतो, हेही सांगून टाकतो. पोस्टर, टोस्टर यांना साधा 'अर' लागलेला आहे. मॉन्स्टर, मिनिस्टर, मास्टर हे लॅटिनकडून आले. आपला मास्तर त्याच मास्टरमधून, आणि आपला मिस्त्री पोर्तुगीज मेस्त्रेमधून, म्हणजे हे दोघे मुळात चुलत भाऊ. मात्र लॉब्स्टर या शेवंडीच्या नावाला जुन्या इंग्रजीत खरोखरच 'एस्त्रे'चं रूप मिळालं होतं. लॅटिन शब्दाची घडी मोडून लोकांनी त्याला ही ओळखीची शेपटी लावली असावी.

आणि स्पिनस्टर? सगळ्या बहिणींत ही एकटीच बाई राहिली. कातण्याच्या कामात पैसा नव्हता, त्यामुळे ते हिसकावून घ्यायला कोणी आलं नाही. शब्द बदलला तो कोर्टात. १४१३ च्या एका कायद्याने ठरवलं की खटल्याच्या कागदात आरोपीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा लिहिलाच पाहिजे. पुरुषापुढे सुतार, शेतकरी, सरदार असं काहीही येई. बाईपुढे बहुधा तीनच शब्द लिहिले जात: अमक्याची बायको, विधवा, नाहीतर स्पिनस्टर. सोळाव्या शतकातल्या खटल्यांत लग्न झालेल्या बायकांपुढेही स्पिनस्टर लिहिलेलं सापडतं, म्हणजे तोवर धंद्याचा अर्थ जिवंत होता. पण बायको नाही, विधवा नाही, तिच्यापुढे तो शब्द पुन्हा पुन्हा लिहिला गेला आणि सतराव्या शतकात त्याचा कायदेशीर अर्थच झाला अविवाहित स्त्री. पुढच्या शतकात त्यात लग्नाचं वय उलटून गेल्याचा टोमणा शिरला. १७६० च्या दशकात जेम्स हारग्रीव्ह्जचं एकाच वेळी अनेक सुतं कातणारं यंत्र आलं आणि हाताने कातणाऱ्या स्वतःच हळूहळू नाहीशा झाल्या. हातातलं काम गेलं, आणि त्याचं नाव बिनलग्नाच्या बाईला चिकटून राहिलं.

इंग्लंडमध्ये दारूविक्रीचे परवाने देण्यासाठी दर फेब्रुवारीत न्यायाधीशांची बैठक भरायची. तिला शेकडो वर्षं 'ब्रूस्टर सेशन्स' म्हणत. समोर अर्जदार म्हणून मोठमोठ्या कंपन्या असत आणि बैठकीचं नाव मात्र एल करणाऱ्या बाईचं. २००५ मध्ये नवा परवाना कायदा पूर्ण लागू झाला, ते काम नगरपालिकांकडे गेलं आणि बैठक बंद पडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या विवाह नोंदणी पुस्तकातून स्पिनस्टर हा शब्दही काढला गेला. तिथे आता नवरा आणि नवरी, दोघांपुढेही 'सिंगल' असं लिहितात.